साज लिडियाचा, घोडा कोणाचा? प्रकल्प नोंदी

४ जून २०२५

कामाची आखणी झाली. घोड्याच्या डोक्यावरचा एक पूर्ण साज तयार करायचा: कातडी पट्ट्या, तोंडातली कडी, गालावरचे तुकडे, कपाळपट्टी. धर्ती इ.स.पू. सहाव्या शतकातल्या लिडियाची. सोबत चार तक्ते. हिवाळ्यात मंडळाचं प्रदर्शन आहे, तोपर्यंत सगळं उभं राहायला हवं.

लिडिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग. गेदिझ नदीचं (तेव्हाची हर्मस) रुंद मैदान, त्याच्या काठाला बोझदाग डोंगराच्या पायथ्याशी राजधानी सार्डिस. नाण्यांमुळे हे राज्य बऱ्याच जणांच्या ओळखीचं असतं. घोड्यांमुळे फारसं कुणाच्या नसतं. त्या काळात मात्र लिडियन म्हटलं की आधी घोडेस्वारच डोळ्यांपुढे यायचा. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की लिडियाचा शेवटचा राजा क्रीसस याच्या वेळी आशियात त्यांच्याइतके शूर लोक दुसरे नव्हते. ते घोड्यावरून लढत, लांब भाले बाळगत आणि घोडा हाताळण्यात तरबेज होते.

साज बनवणं हे निमित्त. प्रश्न आहे तो मालकीचा. मराठी वाचकाला तो एका ओळीत सांगता येतो: लिडियाचे स्वार बारगीर होते की शिलेदार? घोडा सरकारी पागेतला की घरच्या तबेल्यातला?

९ जून

पहिल्या तक्त्यासाठी अवशेषांची जुळवाजुळव. हाती येतं ते थोडं.

सार्डिसच्या उत्तरेला बिन तेपे, म्हणजे ‘हजार टेकड्या’ नावाचं दफनक्षेत्र आहे. मातीचे शंभराहून अधिक ढिगारे. सगळ्यात मोठा क्रीससचा बाप अल्याटीस याचा: व्यास सुमारे ३५५ मीटर, उंची साठ मीटरच्या वर. श्रीमंतांसोबत काय पुरलं होतं हे इथे कळायला हवं होतं, पण बहुतेक ढिगारे जुन्या काळापासून चोरांनी पोखरलेले आहेत. चोर हाडं ठेवतो आणि धातू नेतो. कातडं, लोकर, लाकूड मातीनेच खाल्लं. म्हणजे साजाचा नव्वद टक्के ऐवज गेला आणि उरला तो खिळ्या-कड्यांचा किरकोळ भाग.

गावातल्या उत्खननात प्राण्यांच्या आकाराचे हाडाचे नि काशाचे छोटे तुकडे मिळाले आहेत. अंग मुडपून बसलेला पशू ही त्यातली खास घडण. ही शैली उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातल्या भटक्या स्वारांची, आणि तिकडे असे तुकडे लगामाच्या पट्ट्यांवर बसवलेले असत. सार्डिसला ती आली याचं आश्चर्य नाही. याच भटक्यांपैकी किमेरियन टोळ्यांनी सातव्या शतकाच्या मध्याला बालेकिल्ला सोडून अख्खं सार्डिस घेतलं होतं. त्यांना शेवटी अल्याटीसनेच हुसकलं. ज्यांनी गाव जाळलं त्यांच्या घोड्यांचे दागिने लिडियन लोकांनी आवडीने उचलले, यात मला तरी काही विसंगत वाटत नाही. घोडेवाला दुसऱ्या घोडेवाल्याचा साज आधी बघतो.

चित्रांची बाजू बरी आहे. बिन तेपेच्या एका थडग्यातली दगडी पट्टी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर भालेवाल्या स्वारांची रांग कोरली आहे. रिकीब नाही, लाकडी सांगाड्याचं खोगीरही नाही. ते त्या काळी कुठेच नव्हतं. पाठीवर फार तर झूल. म्हणजे स्वाराचा सगळा ताबा मांड्यांवर आणि तोंडातल्या कडीवर.

१७ जून

खोगीर शिवणाऱ्या काकांकडे गेलो. शर्यतीच्या घोड्यांचं सामान दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. बाभळीच्या सालीत कमावलेलं म्हशीचं कातडं घ्यायचं ठरलं. कडी कानपूरहून मागवू म्हणाले, साधी दोन सळ्यांची, मधे एकमेकींत अडकवलेली. हा नमुना अडीच हजार वर्षांत फारसा बदललेला नाही. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याच्या तोंडात मोकळी हिरडी असते, कडी तिथे बसते. ती जागा बदलत नाही म्हणून कडीही बदलत नाही.

त्यांच्यापुढे रेखाटनं पसरली. कडी तोंडातून आडवी निसटू नये म्हणून दोन्ही गालांवर एकेक उभा तुकडा असतो. हाडाचा, हस्तिदंताचा, काशाचा किंवा लोखंडाचा. त्याला भोकं असतात आणि त्यातून गालपट्टीची टोकं जातात. काकांनी प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने खूण करायला सुरुवात केली.

“ह्याला ताण आहे. ह्याला आहे. ह्याला नाही.”

ताण नसलेला तुकडा म्हणजे कपाळावरची पट्टी आणि पट्ट्यांच्या सांध्यावरचे पशू. मी विचारलं, ते काढून टाकले तर घोड्याला काही फरक पडेल का?

“घोड्याला कशाला पडेल? ते त्याच्यासाठी नाहीच आहे. लोकांना दिसावं म्हणून आहे. आणि एक बघा, ताण असलेल्या भोकाची कड झिजते. जुनं सामान हातात आलं की आम्ही आधी भोक बघतो. झिजलेलं असेल तर घोडा रोज बाहेर निघत होता. कोरं असेल तर सामान खुंटीवर होतं.”

या एका वाक्याने दुसऱ्या तक्त्याची मांडणी बदलली. साजाचे दोन भाग करणार: ताण घेणारा आणि मिरवणारा. मालकीबद्दल हे दोन भाग वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

१८ जून

मिरवणाऱ्या भागाचा सगळ्यात जुना साक्षीदार ग्रीक कवी होमर आहे. त्याच्या इलियड या महाकाव्याच्या चौथ्या सर्गात जखमी ग्रीक राजा मेनेलॉसच्या मांडीवरून रक्त ओघळतं, तेव्हा कवी म्हणतो: जशी एखादी मेओनियाची किंवा कारियाची बाई हस्तिदंताला जांभळा रंग चढवते, घोड्यांच्या गालांवरचा तुकडा करण्यासाठी. मेओनिया म्हणजे हाच प्रदेश, लिडियाचं जुनं नाव. पुढचं वर्णन माझ्या कामाचं. तो तुकडा कोठीत पडून असतो. पुष्कळ स्वारांना तो आपल्याला मिळावा असं वाटतं, पण तो ठेवलेला असतो राजासाठी. घोड्याचं भूषण, हाकणाऱ्याची प्रतिष्ठा.

म्हणजे घोडे असलेले पुष्कळ आहेत आणि तो तुकडा असलेला एकच. इथे घोडा मालकीची वरची पायरी नाहीच. ‘पुष्कळ स्वार’ हे शब्द वाचताना लक्ष हस्तिदंताकडे जातं आणि ते पुष्कळ स्वार नजरेतून सुटतात. माझा विषय मात्र तेच आहेत. त्यांच्या गालपट्ट्या हाडाच्या असणार, लाकडाच्या असणार, आणि त्यातलं काहीही संग्रहालयापर्यंत पोचलेलं नाही.

२६ जून

पावसाने कातड्यावर बुरशी आली. काकांनी पट्ट्या आत टांगल्या. काम थांबलं म्हणून शेजारच्या मुलखातले पुरावे काढून बसलो.

लिडियाच्या पूर्वेला फ्रिजिया. त्यांच्या गॉर्डियन राजधानीत हस्तिदंती घोडेसाज निघाला, उत्तर सीरियाच्या घडणीचा. पण खरी मौज सामोस बेटावर. तिथल्या हेरा देवीच्या ठाण्यात काशाची एक कपाळपट्टी सापडली, तिच्यावर अरामी अक्षरं: हदाद देवाने आमचे स्वामी हझाएल यांना उमकीहून दिलं ते, स्वामींनी नदी ओलांडली त्या वर्षी. हझाएल हा इ.स.पू. नवव्या शतकातला दमास्कसचा राजा. त्याच मजकुराचं, घोड्याच्या डोळ्यावरचं एक झापड ग्रीसमध्ये एरेट्रियाच्या अपोलो मंदिरात मिळालं. मूळ मालक सीरियात मेला, घोडा कुठे कधी मेला देव जाणे, आणि साज समुद्र ओलांडून दोन वेगळ्या देवळांत पोचला.

कपाळपट्टी, झापडं असल्या वस्तू घोड्यापासून सुट्या होऊन फिरतात. लूट म्हणून, नजराणा म्हणून, नवस म्हणून. त्या ज्याच्याकडे सापडतात त्याच्याकडे घोडा असायलाच हवा असं नाही. राजाच्या थडग्यात चांदीचा लगाम मिळाला की ‘हा अश्वपालक होता’ असं लिहिण्याचा मोह होतो. तो तक्त्यांतून कटाक्षाने बाहेर ठेवायचा.

१४ जुलै

फोन दोन दिवस किल्ल्यांच्या छायाचित्रांनी भरून वाहतोय. ११ जुलैला पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, आनंद आहेच. त्याच बैठकीत सार्डिस आणि बिन तेपेही यादीत आले. आमच्या गटावर मी तेवढंच टाकलं, तर एकाने विचारलं, “हा कुठला किल्ला?” बालेकिल्ला आहे, आणि खाली गावाला वीस मीटर जाडीचा तट होता, असं उत्तर दिलं. जाडी ऐकून दाद मिळाली.

२० जुलै

आता ताण घेणारा भाग, म्हणजे खरोखर घोडा बाळगणं.

हिरोडोटसच्या गोष्टी मालकीच्या नजरेने पुन्हा वाचल्या. पर्शियाचा राजा सायरस याच्या हाती सार्डिस पडण्याआधी गावाबाहेरच्या भागात साप झाले आणि घोडे चरायचं सोडून ते साप खाऊ लागले, हा अपशकुन. साप बाजूला ठेवला तर उरतं ते असं की घोडे गावाला लागून, कुरणात चरत होते. हर्मसचं मैदान आहेच गवताचं. घोडा पोसायला सगळ्यात महाग असते ती वैरण, आणि ती इथे दारात होती.

दुसरं. क्रीसस प्टेरियाची लढाई अनिर्णित सोडून परत आला आणि त्याने भाडोत्री सैन्य घरी पाठवलं. सायरस त्याच्या मागोमाग सार्डिसपुढे येऊन उभा राहील असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तरीही ऐनवेळी मैदानात लिडियन घोडदळ उतरलं, आणि ते इतकं भारी होतं की सायरसला सामानाचे उंट पुढे आणावे लागले. उंटाचा वास आणि रूप घोड्याला सोसत नाही, घोडे उधळले. लिडियन स्वारांनी खाली उड्या टाकल्या आणि पायउतार होऊन लढले.

भाडोत्री गेल्यावरही अचानक उभं राहणारं घोडदळ म्हणजे जवळपासच्या जमीनदारांचं घोडदळ. घोडा घरात, साज खुंटीवर, मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा नोकर) दाराशी. माझं मत इथे शिलेदाराकडे झुकतं. ॲरिस्टॉटलही या बाजूने आहे. तो म्हणतो की जुन्या काळी ज्यांचं बळ घोड्यांत, तिथे सत्ता मूठभरांची, कारण श्रीमंतीशिवाय घोडा पाळता येत नाही. उदाहरणं देताना तो मिआंडर नदीवरच्या मॅग्नेशियाचं नाव घेतो, आणि ते लिडियाच्या कुंपणालाच लागून आहे.

२३ जुलै

दुसऱ्या बाजूची गोष्ट पॉलिएनस देतो. हा पुष्कळ नंतरचा, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेखक. युद्धातल्या युक्त्या गोळा करणारा माणूस, त्यामुळे मीठ घालूनच वाचायचा. कोलोफोन या ग्रीक गावाचं घोडदळ नावाजलेलं होतं. अल्याटीसने त्यांच्याशी दोस्ती केली, त्यांना मानाने वागवलं आणि एकदा सार्डिसला दुप्पट पगार वाटतो म्हणून बोलावलं. स्वार गावाबाहेर उतरले होते. घोडे मोतद्दारांच्या हाती देऊन ते पगार घ्यायला आत गेले. वेशी बंद झाल्या. स्वार कापले गेले आणि त्यांचे घोडे अल्याटीसने आपल्या पायदळाला दिले.

गोष्ट खरी असो वा रचलेली, रचणाऱ्याला घोडेस्वाराची घडी चांगली ठाऊक आहे. प्रत्येकामागे मोतद्दार आहे. घोडा आणि स्वार काही तासांसाठीही वेगळे झाले तर स्वार निव्वळ माणूस उरतो. आणि राजाने फुकट मिळालेल्या घोड्यांवर पायदळातली माणसं बसवली, म्हणजे बारगीर तयार केले. एकाच राज्यात दोन्ही प्रकार असण्यात अडचण काहीच नाही. आपल्याकडेही पागा आणि शिलेदार एकाच फौजेत होते, आणि मोठा शिलेदार स्वतःच्या जादा घोड्यांवर स्वतःचे बारगीर बसवायचा.

तिसऱ्या तक्त्यावर हे दोन प्रसंग शेजारी शेजारी. निर्णय वाचणाऱ्याने करावा, माझा कल मी खाली लहान अक्षरात देईन.

५ ऑगस्ट

किमतीचा प्रश्न मंडळात निघाला होता. लिडियन राजांच्या काळातला आकडा लावण्याऐवजी त्याच प्रदेशातला, दीडशे वर्षांनंतरचा, पण पक्का आकडा घेतला. इ.स.पू. ४०१ मध्ये धाकटा सायरस हा पर्शियन राजपुत्र भाडोत्री ग्रीक सैनिक घेऊन सार्डिसहूनच निघाला. सैनिकाचा पगार महिन्याला एक दारिक (पर्शियन सोन्याचं नाणं), पुढे वाढवून दीड. मोहिमेच्या शेवटी हातात पैसा नसल्यामुळे त्या ग्रीकांतल्या झेनोफोन या लेखकाने लांप्साकस गावी आपला घोडा विकला, तो ५० दारिकांना.

घोडा आवडता आणि चांगला होता, त्यामुळे ही वरची किंमत धरू. तरीही हिशेब सरळ आहे: एका शिपायाचा चार वर्षांहून जास्त पगार, वाढीव दराने धरला तरी पावणेतीन वर्षांचा. यात चंदी, वैरण, मोतद्दार आणि साज वेगळा. नशिबाने त्याच्या मित्रांनी तो घोडा परत विकत घेऊन त्याला दिला आणि पैसेही घेतले नाहीत.

अथेन्सला याच्या पुढची पायरी दिसते. तिथे शिशाच्या छोट्या पट्ट्या सापडल्या, इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकातल्या: मालकाचं नाव, घोड्याचा रंग, डागलेली खूण, किंमत. घोडा खासगी, पण नोंद शहराकडे. लिडियाने नाणं दिलं, असली वही मात्र मागे ठेवली नाही.

२१ ऑगस्ट

पट्ट्या शिवून झाल्या. काकांनी पहिल्यांदा मिरवणारा भाग न लावता साज घोडीवर चढवून पाहिला. उत्तम बसला. मग कपाळपट्टी आणि सांध्यावरचे पशू लावले. घोडीने दोनदा मान झटकली आणि गप्प उभी राहिली. तबेल्यातली माणसं मात्र काम सोडून बघायला आली, फोन काढून. काकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

दोन्ही अवस्थांची छायाचित्रं काढली. दुसऱ्या तक्त्यावर मजकूर कमी करून हीच मोठी लावणार.

३० ऑगस्ट

चौथा तक्ता, सार्डिस पडल्यानंतर काय झालं. सगळ्यात जास्त वेळ यावर गेला, आणि सगळ्यात जास्त मिळालंही इथेच.

पाक्टिएस या लिडियन माणसाने पर्शियनांविरुद्ध केलेल्या बंडानंतर सायरस लिडियन लोकांना गुलाम म्हणून विकायला निघाला होता. तेव्हा क्रीससने सुचवलं: शस्त्रं काढून घ्या, झग्याखाली अंगरखा आणि पायात मऊ बूट घालायला लावा, पोरांना तंतुवाद्य आणि दुकानदारी शिकवा. या यादीत घोड्याचं नाव नाही. पण हिरोडोटसनेच पुढे, इ.स.पू. ४८० मध्ये ग्रीसवर निघालेल्या पर्शियन राजा झर्क्सीसच्या फौजेची जंत्री दिली आहे. लिडियन तिथे आहेत, जवळजवळ ग्रीकांसारखी हत्यारं घेतलेले, पायदळात. घोडदळाची यादी वेगळी आहे: पर्शियन, सगार्टियन, मीड, किसियन, भारतीय, बॅक्ट्रियन, कास्पियन, लिबियन. उंटांवरचे अरब सर्वांत मागे, घोडे बिथरू नयेत म्हणून. भारतीय वेगवान घोड्यांवर आणि रथांतून, रथांना घोडे नि रानगाढवं जुंपलेली. लिडियन या यादीत नाहीत. सार्डिस पडल्याला तेव्हा साठहून अधिक वर्षं झाली होती.

हीच फौज निघाली कुठून, तर सार्डिसमधून. राजापुढे दहा नेसियन घोडे चालत होते, उत्तमोत्तम साज चढवलेले. जात इराणमधल्या मीडिया प्रांताची, मालक पर्शियाचा. रस्त्याच्या कडेला उभे असतील ते लिडियन.

आणि पिथियस. झर्क्सीसला भेटलेला लिडियन धनाढ्य. संपत्ती विचारली तेव्हा त्याने चांदीचे २००० टॅलेंट (वजनाचं जुनं माप) आणि सोन्याचे ३९,९३,००० दारिक मोजून दाखवले आणि सगळे देऊ केले. मग तुम्ही जगणार कशावर? तो म्हणाला, गुलाम आणि जमिनी आहेत, तेवढं पुरे. शंभर वर्षांपूर्वीच्या लिडियन सरदाराने या उत्तरात घोडे गाळले असते असं मला वाटत नाही.

घोडे गेले कुठे, याचा एक धागा पुन्हा झेनोफोनकडेच. त्याच प्रवासाच्या शेवटी, लिडियाच्या उत्तरेला कैकस नदीच्या खोऱ्यात त्याने असिडाटीस नावाच्या एका पर्शियन जमीनदारावर छापा घातला. भक्कम बुरुजाचा वाडा, गुलाम, मेंढरं, आणि घोडे. लुटीच्या वाटपात झेनोफोनला घोड्यांतून पहिली निवड मिळाली.

३ सप्टेंबर

मंडळाच्या बैठकीत चौथ्या तक्त्यावर हरकत आली. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं, “पिथियसकडे घोडे नसतीलच कशावरून? पैसे विचारले, त्याने पैसे सांगितले.” हरकत रास्त आहे. त्याचे पाच मुलगे त्याच फौजेत होते, आणि एवढ्या श्रीमंताच्या दारात एखाद-दुसरा घोडा असणारच. पण दारातला घोडा आणि फौजेला दिलेला घोडा यात अंतर आहे. मालकी राहिली असेल, तिच्याबरोबर येणारी सत्ता राहिली नाही, एवढंच माझं म्हणणं. बाई म्हणाल्या, “मग तसंच लिहा ना.” तसंच लिहिलं.

पर्शियन काळातल्या थडग्यांत साज मिळतो, त्याचं काय, हाही प्रश्न आला. बालिकेसिरजवळच्या उचपिनार ढिगाऱ्यात दोनचाकी रथाचे अवशेष निघाले आहेत, घोड्यांच्या सामानासकट. तो पुरावा तक्ता दोनच्या खालच्या कोपऱ्यात, ‘मिरवणारा भाग’ या मथळ्याखाली जाईल.

मजकूर उद्या छपाईला. काकांचा निरोप आहे: प्रदर्शनासाठी साज काचेत ठेवणार असाल तर कडीला तेल लावू नका, कातड्याला लावा, आणि गालावरची भोकं दिसतील अशा बाजूने मांडा.